चिकटली ती कोणती पेशी? प्रकाशीय जैवसंवेदकांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रतिपिंडांचा (ठराविक रेणूलाच चिकटणाऱ्या संरक्षक प्रथिनांचा) थर दिलेल्या प्रकाशीय जैवसंवेदकाने, म्हणजे ऑप्टिकल बायोसेन्सरने, रक्तातील ठराविक रोगप्रतिकारक पेशी ओळखता येतात का, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. बहुतेक पत्रांत सीडी-४ पेशींचा उल्लेख असल्यामुळे उदाहरणही त्याच पेशींचे ठेवले आहे. सीडी-४ पेशी म्हणजे अंगावर सीडी-४ नावाचा रेणू असलेल्या टी-पेशी, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार; एचआयव्हीमुळे घटतात त्या याच.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत सीडी-४ ची मोजणी फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजणाऱ्या यंत्रावर) होते आणि त्यासाठी चमकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडे वापरावी लागतात. एका कार्यशाळेत असे ऐकले की आता रंगाशिवाय, नुसत्या परावर्तित प्रकाशावरून हे काम करता येते. रंगच नसेल तर प्रकाशाला पेशी ओळखू कशी येते? (एक तंत्रज्ञ, सोलापूर)

उत्तर : पेशी ओळखण्याचे काम प्रकाशाकडे नाहीच, ते प्रतिपिंडाकडे आहे. तुमच्या फ्लो सायटोमीटरमध्येही ते प्रतिपिंडच करते. तेथे प्रतिपिंड पेशीला चिकटून तिच्याबरोबर वाहत जाते आणि सोबत रंग नेते. जैवसंवेदकात प्रतिपिंड एका जागी रोवून ठेवलेले असते आणि पेशीलाच त्याच्यापर्यंत यावे लागते. पेशी आली आणि धरली गेली, एवढी वर्दी देण्यापुरता प्रकाशाचा उपयोग.

या पद्धतींपैकी सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स, प्रयोगशाळेच्या बोलीत एसपीआर. काचेवर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर दिलेला असतो. खालच्या बाजूने, लोलकातून, त्या थरावर तिरपा प्रकाश सोडला की एरवी तो जवळजवळ पूर्ण परावर्तित होतो. पण एका ठराविक कोनाला परावर्तित प्रकाश एकदम मंदावतो, कारण त्या कोनाला प्रकाशाची ऊर्जा सोन्यातील मुक्त इलेक्ट्रॉनांच्या लाटेत शिरते. हा कोन सोन्याच्या वरच्या अंगाला लागून असलेल्या पदार्थाच्या अपवर्तनांकावर अवलंबून असतो. तेथे नुसते द्रावण असेल तर कोन एक, प्रथिने किंवा पेशी येऊन बसल्या तर कोन किंचित सरकलेला. लोलकाच्या या मांडण्या १९६८ मध्ये ओटो आणि क्रेटशमान यांनी दाखवल्या, १९८३ मध्ये स्वीडनमधील लीडबर्ग, नायलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी त्यांतून प्रतिपिंडाचे बंधन मोजून दाखवले आणि १९९० मध्ये बायाकोर हे पहिले व्यापारी यंत्र बाजारात आले.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. सोन्यावरच्या या लाटेचे क्षेत्र वर साधारण २०० नॅनोमीटरपर्यंतच पोहोचते आणि पुढे झपाट्याने विरते. लिम्फोसाइट पेशीचा व्यास मात्र ७ ते ८ मायक्रोमीटर, म्हणजे त्या क्षेत्राच्या पस्तीस ते चाळीस पट. बंद दाराखालच्या फटीतून बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या फक्त चपला दिसाव्यात, तसे हे आहे. चपलांवरून माणूस आला एवढे नक्की कळते. तो ओळखीचा आहे की वसुलीवाला, हे दार कोणासाठी उघडते त्यावर सोडावे लागते. एसपीआरच्या यंत्राला पेशीचे केंद्रक दिसत नाही, तिचा आकार दिसत नाही, तिच्या आत कोणते कण आहेत हे दिसत नाही. पृष्ठभागाला काहीतरी लागले आहे, इतकेच ते सांगते. म्हणून रंगाचा खर्च वाचला तरी ओळखीची सगळी जबाबदारी एकट्या प्रतिपिंडावर येऊन पडते, हे कार्यशाळेतील वक्त्यांनी सांगितले असते तर बरे झाले असते.

प्रश्न : प्रतिपिंड, सीडी-४, सीडी-१९ अशी नावे वाचतो. हे आकडे कोठून आले आणि एकाच पेशीला ओळखणारी प्रतिपिंडे कोण आणि कशी तयार करतो? (एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : केंब्रिजमध्ये १९७५ साली जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी, उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि न मरता वाढत राहणारी कर्कपेशी यांचा संकर घडवला. अशा संकरित पेशीची सारी संतती एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी बनवत राहते. त्या दोघांना नील्स जेर्ने यांच्यासह १९८४ चे नोबेल मिळाले. शोधाचे पेटंट मात्र घेतले गेले नाही. पद्धत हाती येताच जगभरच्या प्रयोगशाळांनी पांढऱ्या पेशींविरुद्ध शेकडो प्रतिपिंडे बनवली आणि प्रत्येकाने आपापली नावे दिली. त्या गोंधळातून वाट काढण्यासाठी १९८२ मध्ये पॅरिसला तज्ज्ञ जमले आणि पेशीच्या पृष्ठभागावरील एकाच रेणूला धरणाऱ्या प्रतिपिंडांचा एक गट करून त्याला क्रमांक द्यायचे ठरले. सीडी म्हणजे क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन. क्रमांकाला याहून गूढ अर्थ नाही. आज बरीचशी प्रतिपिंडे जनुक तंत्राने बनवलेल्या पेशींत तयार होतात, त्यामुळे प्रत्येक वेळी उंदीर लागतोच असे नाही.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी सोन्याच्या चिपवर सीडी-४ विरोधी प्रतिपिंड बसवून त्यावरून रक्तातील पेशी सोडते. कोन सरकण्याचा आलेख छान वर चढतो, पण प्रतिपिंड न बसवलेल्या शेजारच्या मार्गिकेतही तो बराच चढतो. माझे कोठे चुकते आहे? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सर्वप्रथम, शेजारची मार्गिका तुम्ही पाहिलीत याबद्दल अभिनंदन. बरेच जण पाहत नाहीत, किंवा पाहून वजा करून मोकळे होतात.

पत्रावरून असे दिसते की तुम्ही ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) घातलेल्या बल्बमधले रक्त थोडे पातळ करून जवळजवळ तसेच सोडता. रक्ताच्या एका मायक्रोलीटरमध्ये तांबड्या पेशी सुमारे ५० लाख असतात आणि निरोगी प्रौढाच्या सीडी-४ पेशी साधारण ५०० ते १५००. पाचशे धरल्या तरी दहा हजार तांबड्यांमागे तुमची एक. त्यात प्लेटलेट दीड ते साडेचार लाख, आणि त्या उघड्या सोन्यालाच काय, कशालाही चिकटायला तयार. तेव्हा आधी अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने तांबड्या पेशी फोडून धुऊन काढा, किंवा फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या जड द्रावणावर) रक्त ठेवून अपकेंद्रण करा आणि मधल्या पांढुरक्या कड्यातील पेशी पिपेटने हलकेच उचलून घ्या. हे कडे उचलताना हात घाईत असेल तर खालचे फायकॉलही ओढले जाते, आणि त्याच्या अपवर्तनांकामुळे आलेखात एक भलीमोठी पायरी दिसते, जिच्याशी पेशींचा काहीही संबंध नसतो. दोनदा धुवा.

दुसरी गोष्ट म्हणजे पृष्ठभाग. कार्बॉक्सिल गट सक्रिय करून प्रतिपिंड जोडले की जे सक्रिय गट उरतात ते इथेनोलअमाइनने निष्क्रिय करावे लागतात, आणि मग मोकळ्या जागा बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनने भरून घ्याव्या लागतात. प्रतिपिंडाविना ठेवलेल्या मार्गिकेलाही हेच सारे संस्कार द्यायला हवेत. उघडे सोने आणि प्रतिपिंडाचा थर यांची तुलना म्हणजे खडबडीत शहाबादी फरशी आणि सारवलेली जमीन यांवर किती धूळ बसते याची तुलना. त्यातून काही सिद्ध होत नाही. खरी तुलना हवी असेल तर नियंत्रण मार्गिकेत त्याच जातीचे, त्याच प्रमाणातील, पण मानवी पेशींवरील कशालाही न धरणारे प्रतिपिंड बसवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. वरच्या दोन फांद्या लक्ष्य धरतात आणि खालच्या दांड्याला धरण्यासाठी मोनोसाइट, बी-पेशी, नैसर्गिक मारक पेशी या इतर पांढऱ्या पेशींच्या अंगावर स्वतःचेच ग्राही असतात. म्हणजे तुम्ही सीडी-४ साठी गळ टाकला आहे आणि मोनोसाइट गळाच्या दोरीला लोंबकळतो आहे. त्यावर उपाय दोन. एक तर दांडा छाटलेले प्रतिपिंड वापरायचे, नाहीतर पेशींना आधीच मोकळ्या मानवी प्रतिपिंडांच्या द्रावणात ठेवून ते ग्राही भरून टाकायचे. चिपवर प्रोटीन जी चा थर देऊन त्यावर प्रतिपिंड बसवले तर दांडा खाली आणि फांद्या वर अशी मांडणी आपोआप मिळते, आणि एरवी आडवीतिडवी पडून वाया जाणारी प्रतिपिंडे कामाला लागतात.

एवढे करूनही मोनोसाइटची पीडा पूर्ण जात नाही, कारण मोनोसाइटच्या अंगावर थोडे का होईना, खरेखुरे सीडी-४ असते. निरोगी रक्तात ही भेसळ खपून जाते. एचआयव्ही बळावलेल्या रुग्णात सीडी-४ लिम्फोसाइट शंभरावर आलेल्या असताना मोनोसाइट तीनशे-चारशे असू शकतात, आणि मग ज्या रुग्णाचा आकडा अचूक हवा त्याच्याच आकड्यात भेसळ खऱ्या मालाहून जास्त होते. यासाठी नमुना आधी, मोनोसाइटवर असणाऱ्या सीडी-१४ या रेणूच्या विरोधी प्रतिपिंडाच्या पृष्ठभागावरून नेऊन मोनोसाइट तेथेच अडकवतात, किंवा प्रवाहाचा वेग असा ठेवतात की मोजक्या सीडी-४ रेणूंवर टेकलेले मोनोसाइट वाहून जावेत आणि भरपूर सीडी-४ असलेल्या टी-पेशी टिकून राहाव्यात. दुसरी युक्ती ऐकायला सोपी वाटते. प्रत्यक्षात वेग जरा वाढला की टी-पेशीही सुटतात आणि जरा घटला की सारेच बसून राहतात. तुमच्या पंपाला कोणता वेग मानवतो हे दोन-तीन दिवस प्रयोग करूनच ठरवावे लागेल.

शेवटी दोन परीक्षा अवश्य करा. पेशींना चिपवर सोडण्यापूर्वी तेच सीडी-४ विरोधी प्रतिपिंड मोकळे, भरपूर प्रमाणात द्या. त्यांच्या अंगावरचे सारे सीडी-४ आधीच व्यापले गेले असल्याने चिपवरील आलेख जवळजवळ सपाट व्हायला हवा. तो तरीही चढला, तर तुम्ही जे मोजत होता ते सीडी-४ नव्हते. दुसरी परीक्षा म्हणजे चिप काढून, पेशींना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहणे. रंगमुक्त पद्धतीचा विश्वास रंग लावूनच मिळवावा लागतो, याचे मला नेहमी हसू येते, पण त्याला पर्याय नाही.

प्रश्न : आलेखाची उंची म्हणजे पेशींची संख्या असे धरावे का? (अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : प्रथिनांच्या बाबतीत ढोबळमानाने धरता येते. एसपीआरमधील एक प्रतिसाद-एकक, म्हणजे एक आरयू, हे चौरस मिलिमीटरवर सुमारे एक पिकोग्रॅम प्रथिनाइतके असते असा पक्का हिशेब आहे. पेशींच्या बाबतीत हा हिशेब कोलमडतो. एक तर क्षेत्रात पेशीचा तळच येतो. शिवाय लिम्फोसाइटचा पृष्ठभाग गुळगुळीत नसून त्यावर बारीक बोटांसारखे उंचवटे असतात, त्यामुळे पेशी आरंभी बोटांच्या टोकांवर टेकते आणि मग सावकाश पसरते. पेशी तितक्याच राहिल्या तरी त्या पसरल्या की आलेख चढतो. त्यात टी-पेशींवरील सीडी-३ या रेणूच्या विरोधी प्रतिपिंड वापरले असेल तर आणखी पंचाईत, कारण ते टी-पेशीला नुसते धरत नाही, तिला जागे करते. मोजण्याच्या खटपटीत पेशीची अवस्थाच बदलते. या दोषाचाच काहींनी गुण केला आहे : जपानमधील हिरोशिमा विद्यापीठातील संशोधकांनी सोन्यावर बसलेल्या मास्ट पेशी आणि बेसोफिल या ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींची उत्तेजना एसपीआरने टिपून ॲलर्जीच्या तपासणीकडे जाणारी वाट शोधली. तेथे किती पेशी आहेत यापेक्षा त्या काय करीत आहेत याला महत्त्व आहे.

तुम्हाला संख्याच हवी असेल तर एका कोनाचा आलेख सोडून प्रतिमा घेणारी एसपीआर वापरा. तिच्यात कॅमेरा संपूर्ण पृष्ठभाग पाहतो, प्रत्येक पेशीचा वेगळा ठिपका दिसतो आणि ठिपके मोजता येतात. एकाच चिपवर निरनिराळ्या प्रतिपिंडांचे चौकोन आखले तर कोणत्या चौकोनात किती बसल्या हेही कळते. मोजताना नशिबाचा भागही ध्यानात ठेवा. २०० पेशी मोजल्या तर केवळ योगायोगाने त्या संख्येत १४ इधर-उधर होतात, म्हणजे सात टक्के. ही चूक यंत्र कितीही महागडे घेतले तरी जात नाही, रक्त अधिक घेतले तरच कमी होते.

तापमानाचेही विसरू नका. पाणी एक अंश तापले की त्याचा अपवर्तनांक सुमारे एक दहा-हजारांशाने घटतो, आणि एसपीआरच्या भाषेत हे जवळपास १०० आरयू होतात. माझ्या उमेदीच्या काळात मी ज्या प्रयोगशाळेत होतो तेथे रोज दुपारी एकच्या सुमारास आलेखाला एक डौलदार उतार येत असे. पेशी सुटत आहेत असे समजून मी त्यावर तीन पाने टिपणही लिहिले होते. जेवणाच्या सुट्टीत शिपाई एसी बंद करीत असे, हे चौथ्या दिवशी डबा विसरून परत आलो तेव्हा समजले. यंत्राला स्वतःचे तापमान-नियंत्रण असले तरी बाहेरून येणारे द्रावण खोलीच्या तापमानाचेच असते.

प्रश्न : माझ्या भावाची एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) सुरू आहे. पूर्वी दर सहा महिन्यांनी सीडी-४ तपासत, आता क्वचितच तपासतात. ही तपासणी निरुपयोगी झाली का? आणि तुम्ही लिहिता तशी छोटी यंत्रे तालुक्याच्या ठिकाणी येतील का? (एक वाचक, जालना जिल्हा)

उत्तर : निरुपयोगी झालेली नाही, तिचे काम बदलले आहे. भारतात शासकीय केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, तेव्हा औषध कोणाला द्यायचे हे सीडी-४ च्या आकड्यावरून ठरत असे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये आणि भारताने २०१७ मध्ये, निदान झालेल्या प्रत्येकाला आकड्याची वाट न पाहता औषध द्यायचे धोरण स्वीकारले. औषध लागू पडते आहे की नाही हे पाहण्यासाठी आता रक्तातील विषाणूंची संख्या, म्हणजे व्हायरल लोड, अधिक विश्वसनीय मानतात. सीडी-४ ची गरज राहते ती मुख्यतः उपचाराच्या आरंभी, प्रकृती बिघडल्यास किंवा उपचार खंडित होऊन पुन्हा सुरू करताना. आकडा मायक्रोलीटरमागे २०० च्या खाली असेल तर आजार पुढच्या टप्प्यात गेला आहे असे धरून क्षय, मेंदूज्वर यांसारख्या संधिसाधू आजारांचा कसून शोध घ्यावा लागतो. भावाची सीडी-४ तपासणी कमी केली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. व्हायरल लोड वेळेवर होतो आहे का, हे केंद्रातील समुपदेशकांना जरूर विचारा. सीडी-४ चा आकडा दिवसभरातही बदलतो, सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त भरतो, त्यामुळे दोन तपासण्यांत पन्नास-साठचा फरक पडला म्हणून औषध बिघडले असे समजू नये.

छोट्या यंत्रांविषयी सांगायचे तर बोटाच्या टोकाच्या थेंबावर सुमारे वीस मिनिटांत सीडी-४ सांगणारी, टेबलावर मावणारी यंत्रे काही देशांत वर्षानुवर्षे वापरात आहेत. पीमा हे त्यांतले परिचित नाव. त्यात एका बंद काडतुसात रंग जोडलेली सीडी-३ आणि सीडी-४ विरोधी प्रतिपिंडे असतात आणि कॅमेरा दोन्ही रंग असलेल्या पेशी मोजतो. म्हणजे ती प्रकाशीय आहेत, प्रतिपिंडावर चालतात, पण रंगमुक्त नाहीत. सोन्याच्या थराची रंगमुक्त यंत्रे मुख्यतः संशोधनाच्या टेबलावरच आहेत, आणि मोनोसाइट व तापमान यांविषयी वर जे लिहिले त्यावरून त्यांची अडचण ध्यानात येईल. जालन्याच्या मे महिन्यातील खोलीत शंभर आरयूची चूक न करणारे यंत्र बनवणे हे प्रतिपिंड बनवण्यापेक्षा अवघड काम आहे.

प्रश्न : मुंबईत तयार झालेल्या कार-टी उपचाराबद्दल वाचले. रुग्णाला दिलेल्या त्या पेशी रक्तात टिकल्या आहेत का, हे अशा संवेदकाने कळेल का? (एक परिचारिका, नवी मुंबई)

उत्तर : तत्त्वतः कळू शकेल, आणि यात एक गंमतीदार उलटापालट आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकांची मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशींवर, सीडी-१९ ला धरणारा प्रतिपिंडाचा तुकडा जनुक तंत्राने उगवलेला असतो, आणि त्या पेशी सीडी-१९ धारण करणाऱ्या बी-पेशींचा, त्यांतल्या कर्करोगाच्या पेशींसह, फडशा पाडतात. येथे प्रतिपिंड पेशीच्या अंगावरच आहे. तेव्हा अशा पेशी पकडायच्या असतील तर सोन्यावर शुद्ध सीडी-१९ प्रथिनच बसवायचे. इतके दिवस जो मासा होता तोच आता गळाला लावायचा. रक्तातल्या साध्या टी-पेशींना सीडी-१९ धरता येत नसल्यामुळे ही निवड बरीच स्वच्छ होते.

सध्या रुग्णालयांत हे काम फ्लो सायटोमेट्रीने आणि पीसीआरने होते, आणि तेच योग्य आहे. या पेशी दिल्यानंतर साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्यांची संख्या शिगेला पोहोचते. त्या काळात रोज थोड्या रक्तावर, रुग्णाच्या खाटेजवळ मोजता आले तर उपयोग मोठा आहे. शिवाय त्याच चिपच्या दुसऱ्या चौकोनात सीडी-१९ विरोधी प्रतिपिंड ठेवले, तर बी-पेशी परतू लागल्या का हेही त्याच वेळी दिसेल. बी-पेशी परतल्या तर दिलेल्या पेशींचा जोर ओसरत असल्याची ती खूण असते. मात्र कर्करोग उलटताना कर्कपेशींनी सीडी-१९ अंगावरून टाकून दिले असेल, तर त्या या चौकोनात दिसणार नाहीत आणि आलेख सपाटच राहील. अशा सपाट आलेखावर विसंबून राहू नये; त्या पेशींसाठी सीडी-२२ सारख्या दुसऱ्या खुणेचे प्रतिपिंड तिसऱ्या चौकोनात ठेवावे लागेल.